चोर्ला घाटात पेटणारा दिवा: एका दोष-कोडाचे प्रकरण

दसऱ्याच्या आठवड्यात डिचोलीचे एक निवृत्त शिक्षक आपली २००५ सालची पेट्रोल सेडान घेऊन फोंड्याला माझ्या गॅरेजमध्ये आले. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवतो. मुलगी बेळगावला दिलेली असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी त्यांचे चोर्ला घाटाने जाणे होते. तक्रार त्यांनी शिक्षकी शिस्तीने सांगितली. गोव्यातल्या साखळी गावापासून केरीपर्यंत गाडी निमूट चालते, घाट लागून दुसऱ्या गिअरवर आली की दम सोडते, मधूनच मिसिंग मारते आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटतो. माथ्यावर पोचून रस्ता सपाट झाला की गाडी पुन्हा सुरळीत चालते, मात्र दिवा विझत नाही.

तक्रारीबरोबर त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. तिच्यात दोन गॅरेजांची बिले, एक छापील पट्टी, मोबाइलवरच्या ॲपमधून उतरवून घेतलेला एक कागद आणि त्यांची स्वतःची वही होती. वहीत “गाडीतील दोष” या मथळ्याखाली चार आकडे एकाखाली एक लिहिलेले होते: पी७१२८, पी०३००, १७५३६ आणि १६६८४. प्रत्येकासमोर बदललेल्या भागाचे नाव आणि तारीख होती. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग), चारही प्लग, एक इग्निशन कॉइल आणि ऑक्सिजन सेन्सर एवढे भाग तीन महिन्यांत बदलले गेले होते आणि घाटातला दिवा तरीही पेटतच होता. “अजून एक दोष उरला आहे का तेवढे बघ,” असे ते म्हणाले. चारपैकी तीन दोष निघून गेले असावेत, असा त्यांचा हिशेब होता.

प्रत्यक्षात दोष चार नव्हतेच, आणि हे गाडीला हात लावण्यापूर्वी, नुसत्या वहीवरूनच सांगता येत होते.

पहिला आकडा, पी७१२८, कोणत्याही गाडीत येऊ शकत नाही. दोष-कोड म्हणजे गाडीचा संगणक दोष नोंदवताना लिहितो ती खूण. तिची पाच अक्षरे संगणकाच्या आत केवळ दोन बाइटांत मावतात. त्यांतले पहिले दोन बिट अक्षर ठरवतात: इंजिन-गिअरबॉक्ससाठी पी, चॅसीसाठी सी, बॉडीसाठी बी आणि संगणकांच्या आपसातील संपर्कासाठी यू. पुढचे दोन बिट पहिला अंक ठरवतात. दोन बिटांत शून्य ते तीन एवढेच अंक मावतात, त्यामुळे पी नंतर सात येणे शक्यच नाही. ॲपवाल्या कागदावर मेकॅनिकने इंग्रजी एक असा वळवला होता की मास्तरांना तो सात वाटला. म्हणजे मूळ कोड पी११२८ होता.

शेवटच्या दोन आकड्यांना तर पी हे अक्षरही नव्हते. ही गाडी फोक्सवॅगन समूहातली आहे आणि त्या समूहाच्या त्या काळच्या निदान-यंत्रणेत दोष पाच अंकी दशमान संख्येने दाखवले जात. पी० ने सुरू होणाऱ्या सर्वसामान्य कोडासाठी त्या संख्येतून १६३८४ वजा करावेत आणि पी१ ने सुरू होणाऱ्या कोडासाठी १६४०८ वजा करावेत. १६६८४ मधून १६३८४ गेले की ३०० उरतात, म्हणजे पी०३००. १७५३६ मधून १६४०८ गेले की ११२८ उरतात, म्हणजे पी११२८. दुसऱ्या गॅरेजचा स्कॅनर कंपनीच्या भाषेत बोलत होता आणि पहिल्या गॅरेजचे ॲप सर्वसामान्य भाषेत. आपल्याकडे एकच कोंकणी वाक्य कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमीत. लिपी बदलली म्हणून बोलणे बदलत नाही. मास्तरांच्या वहीत दोन लिप्यांत लिहिलेली दोनच वाक्ये होती, आणि ती चार धरून दोन गॅरेजांनी स्वतंत्रपणे भाग बदलले होते.

आता या दोन वाक्यांचा अर्थ पाहू. पी०३०० हा कोड मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा किंवा फोक्सवॅगन अशा कोणत्याही गाडीत सापडला तरी त्याचा अर्थ एकच असतो: एका ठरावीक सिलिंडरला बोट लावता येत नाही अशी मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधले इंधन न पेटणे. दुसऱ्या स्थानावर शून्य असलेले कोड सर्व कंपन्यांना समान असतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल-वर्षापासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून ही पद्धत बंधनकारक झाली. भारतात ती भारत स्टेज ४ च्या प्रदूषण-नियमांबरोबर आली, २०१० मध्ये ओबीडी-१ (ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची यंत्रणा) आणि २०१३ मध्ये ओबीडी-२ या रूपात. मास्तरांची गाडी त्याआधीची असली तरी तिचा संगणक जागतिक बाजारासाठीच घडवलेला असल्यामुळे ती दोन्ही भाषांत उत्तर देत होती. अर्थ समान असला तरी तो कोड कोणत्या मर्यादेवर आणि किती वेळ दोष दिसल्यावर नोंदवायचा, हे प्रत्येक कंपनी आपापल्या इंजिनाप्रमाणे ठरवते. त्यामुळे एका गाडीत लगेच उमटणारा कोड तशाच दोषाच्या दुसऱ्या गाडीत कित्येक दिवस उमटत नाही.

पी११२८ ची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या स्थानावर एक आला की तो कोड कंपनीचा खासगी असतो आणि एका कंपनीचा अर्थ दुसऱ्या कंपनीला लावला की घोटाळा होतो. टोयोटाच्या यादीत पी११२८ म्हणजे थ्रॉटल उघडझाप करणारी मोटर अडकणे. होंडाच्या यादीत त्याच कोडाचा अर्थ मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधला) दाब अपेक्षेपेक्षा कमी असणे असा आहे. फोक्सवॅगन समूहात मात्र त्याचा अर्थ असा होतो: इंजिन भाराखाली असताना पहिल्या बँकेचे (सिलिंडरांच्या रांगेचे) मिश्रण पातळ पडते आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी आहे, आणि इंधन वाढवून ते सावरण्याची संगणकाची मुभा संपली आहे. पहिल्या गॅरेजच्या ॲपमध्ये आधीच्या कोणा गिऱ्हाइकाची टोयोटा निवडलेली राहिली होती. ॲपने “थ्रॉटल मोटर अडकली” असे दाखवले आणि मेकॅनिकने प्रामाणिकपणे थ्रॉटल बॉडी बदलली. त्या माणसाला मी फारसा दोष देत नाही. त्याने वाचले तेच केले. चूक वाचण्याआधी झाली होती.

हा घोटाळा नवा नाही. पाच अक्षरी कोड येण्यापूर्वी आम्ही निदानाच्या सॉकेटमधल्या दोन पिना तारेने जोडून डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजत असू. एक मिचकावणी, थोडा थांबा आणि मग दोन मिचकावण्या म्हणजे बारा. सुझुकीच्या जुन्या यंत्रणेत बारा म्हणजे सर्व ठीक, टोयोटाच्या जुन्या यंत्रणेत बारा म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा सिग्नल येत नाही. त्या काळात गाडीचा बिल्ला पाहिल्याशिवाय कोणी मिचकावण्या मोजत नसे. आता हातातले यंत्र स्वतःच अर्थ लिहून देते, म्हणून बिल्ल्याकडे बघायचे राहून जाते.

दुसऱ्या गॅरेजकडे योग्य स्कॅनर होता. त्याच्या छापील पट्टीवर मिश्रण पातळ असल्याचे बरोबर आले होते. तेथे चूक दुसऱ्या प्रकारची झाली. मिश्रण पातळ आहे हे ऑक्सिजन सेन्सर सांगतो, म्हणून सेन्सरच खोटे बोलत असेल असे धरून तो बदलला गेला. तापमापकाने ताप दाखवला म्हणून तापमापक फेकून देण्यातला हा प्रकार. कधी कधी तापमापक खरोखर बिघडलेला असतो हे खरे, पण तो आधी तपासता येतो. नवा सेन्सर बसवल्यावर दिवा पुढच्याच फेरीत, त्याच घाटात पेटला. जुना सेन्सर खरे सांगत होता याचा तो पुरावा होता, पण तो तसा वाचला गेला नाही. त्या गॅरेजचे एक काम मात्र चोख होते. बदललेल्या थ्रॉटलची मूळ सेटिंग त्यांनी संगणकाकडून नीट करून घेतली होती. ती राहिली असती तर आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ चाल) डळमळले असते आणि माझ्यासमोर आणखी एक फसवे लक्षण उभे राहिले असते.

दोन्ही कागदांवर एक गोष्ट नव्हती, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची होती. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाचे चित्र जपून ठेवतो. मेकॅनिक मंडळी त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. मी कोड पुसण्यापूर्वी ते उतरवून घेतले: इंजिनाचे फेरे ३१२०, वेग ताशी ४४ किलोमीटर, भार ८३ टक्के, पाण्याचे तापमान ९३ अंश. तापलेले इंजिन, दुसरा गिअर, पाय जोरात दाबलेला: चोर्ला घाटच आकड्यांत उतरला होता. यावरून दोन गोष्टी बाजूला काढता आल्या. थंड इंजिनाशी किंवा आयडलशी या दोषाचा संबंध नव्हता, आणि गॅरेजमध्ये गाडी उभी करून चालू इंजिनाकडे बघत बसण्यात अर्थ नव्हता.

यापुढे त्या खासगी कोडाने सर्वसामान्य कोडापेक्षा जास्त माहिती दिली. ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मिश्रण पातळ असल्याचा सर्वसामान्य कोड पी०१७१ आहे. तो फक्त “पातळ” एवढेच सांगतो. फोक्सवॅगन समूहाच्या खासगी कोडांत त्याच पातळपणाचे दोन भाग पाडलेले आहेत. पी११३६ म्हणजे बेरजेची दुरुस्ती संपली, आणि पी११२८ म्हणजे गुणाकाराची दुरुस्ती संपली. संगणक मिश्रण सावरताना आयडलला ठरावीक मात्रेचे इंधन मिळवतो आणि भाराखाली एकूण इंधनाला एका गुणकाने वाढवतो. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला गळती असेल तर आयडलला व्हॅक्यूम जोरदार असल्यामुळे तेथून बेहिशेबी हवा शिरते, पण तिचे प्रमाण भाराखालच्या प्रचंड हवेपुढे नगण्य ठरते. म्हणून अशी गळती बहुधा पी११३६ दाखवते. मास्तरांच्या गाडीत पी११३६ कधीच उमटला नव्हता. याचा अर्थ दोष हवेच्या किंवा इंधनाच्या एकूण प्रवाहाबरोबर वाढणारा होता. अशा वेळी तीन शक्यता उरतात: हवा मोजणारा सेन्सर कमी दाखवतो, इंधनाचा दाब भाराखाली पडतो, किंवा हवा-सेन्सर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या नळीतून मोजली न गेलेली हवा शिरते.

इंधनाचा दाब आधी पाहिला, कारण गेज लावायला दहा मिनिटे लागतात. आयडलला अडीच बार, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर तीन बार, आणि फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर गेज काचेला टेपने चिकटवून नेले तेव्हाही काटा हलला नाही. पंप आणि फिल्टर ठीक होते. त्याच चढावर स्कॅनरवर मिश्रणाची दुरुस्ती दाखवणारा बत्तीस क्रमांकाचा गट उघडा ठेवला होता. आयडलची दुरुस्ती २.१ टक्के होती, भाराखालची २४.२ टक्के. दोन आकड्यांतली ही तफावत कोडाने आधीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगत होती. मात्र आणखी एक गोष्ट दिसली. पाय झटक्याने दाबला की हवा-सेन्सरचा आकडा क्षणभर वर चढून, फेरे वाढत असतानाच खाली येई आणि मग पुन्हा चढे. मळलेला सेन्सर सहसा सातत्याने कमी दाखवतो. असा मधेच गचका खाल्ला की मी यांत्रिक कारण शोधतो.

गॅरेजमध्ये परत आल्यावर हवा-सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंतची घडीदार रबरी नळी हातांनी चाचपली. वरून ती निर्दोष होती. नळीत धूर भरून गळती दाखवणारे यंत्र लावले, कुठूनही धूर आला नाही. येथे मी थोडा थबकलो, आणि हवा-सेन्सर मागवावा की काय असा विचारही करून गेलो. माझ्या मदतनिसाने, जो अजून शिकाऊ आहे, सहज विचारले की घाटात इंजिन तिरके होते, मग नळी सरळ असताना धूर कसा येणार. प्रश्न रास्त होता. तो आत बसला, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये त्याने क्लच अर्धवट सोडला. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर मागे झुकले आणि नळी ताणली गेली. मी टॉर्च खाली धरून पाहत होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या घडीच्या मधल्या खोबणीत, बॅटरीकडच्या नव्हे तर जमिनीकडच्या बाजूला, बोटभर लांबीची भेग ओठांसारखी उघडली आणि क्लच दाबताच मिटली.

नळी काढून उलटी केली तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. भेगेच्या आतल्या बाजूला, काळ्या रबरावर, तांबड्या धुळीची बारीक रेघ पंख्यासारखी थ्रॉटलच्या दिशेने पसरलेली होती. आपल्याकडच्या जांभ्याच्या रस्त्यांची ही धूळ. ती एअर फिल्टरमधून गाळून आली असती तर अशी एका रेघेत दिसली नसती. भेगेच्या अलीकडे, फिल्टरच्या बाजूला, नळी आतून स्वच्छ होती. मास्तरांना ती नळी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून भेग दोन्ही अंगठ्यांनी उघडझाप करून पाहिली आणि विचारले, “थ्रॉटल बदलला तेव्हा ही काढली होती ना?” काढली होती. थ्रॉटल बॉडी बदलताना ही नळी काढून पुन्हा बसवावीच लागते. ती एका मेकॅनिकच्या हातातून गेली होती, पण शोध थ्रॉटलचा चालू असल्यामुळे नळी कोणी वाकवून पाहिली नव्हती. मीही पहिल्या चाचपणीत ती वाकवली नव्हती, हे नोंदवले पाहिजे.

मिसफायरचा उलगडा यातच झाला. घाटात नळीची भेग उघडली की सेन्सरने न मोजलेली हवा आत जाई, मिश्रण आणखी पातळ होई, संगणक गुणक वाढवत जाई, आणि मुभा संपली की पातळ मिश्रण एखाद्या सिलिंडरमध्ये पेटतच नसे. ते दर वेळी वेगळ्या सिलिंडरमध्ये होई, म्हणून पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी एकही कोड न येता पी०३०० आला. एका कॉइलचा किंवा एका प्लगचा दोष असता तर बहुधा त्या सिलिंडरचा क्रमांक उमटला असता. म्हणजे दुसरा कोड पहिल्याचाच परिणाम होता, आणि प्लग व कॉइल बदलण्याचे कारण कागदावरच मोडीत निघत होते.

नवी नळी मडगावहून दोन दिवसांनी आली. तिची किंमत बसवलेल्या थ्रॉटल बॉडीच्या दहाव्या भागाहूनही कमी होती. दोन्ही टोकांचे क्लॅम्प नवे घातले, हवा-सेन्सर त्याच्या क्लीनरने धुतला, कोड पुसले आणि संगणकाने शिकलेली जुनी दुरुस्ती शून्यावर आणली. ती तशीच ठेवली असती तर गाडी सुरुवातीला विनाकारण जाड मिश्रणावर चालली असती आणि प्लग काळे झाले असते. फर्मागुडीचा चढ पुन्हा तीनदा केला. भाराखालची दुरुस्ती ३.४ टक्क्यांवर स्थिरावली आणि हवा-सेन्सरचा आकडा गचका न खाता फेऱ्यांबरोबर चढत गेला.

तेवढ्यावर काम संपले असे मानले नाही, कारण मूळ तक्रार चोर्लाची होती आणि फर्मागुडीचा चढ त्यामानाने किरकोळ आहे. पुढच्या फेरीला मास्तर बेळगावला जाताना त्यांच्या फोनला माझा कोड-वाचक जोडून दिला, ॲपमध्ये गाडीची कंपनी त्यांच्यासमोर निवडली आणि ती निवडलेली आहे ना हे दर वेळी बघायला सांगितले. परत आले तेव्हा दिवा विझलेला होता, एकही कोड प्रलंबित नव्हता, आणि मिसफायरसकट सर्व स्वयंतपासण्या पूर्ण झाल्याचे संगणक सांगत होता. कोड पुसल्यावर या तपासण्या पुन्हा अपूर्ण होतात. त्या पूर्ण होण्यापूर्वी “कोड नाही” या उत्तराला मी काही किंमत देत नाही, कारण तपासलेच नाही तर सापडणार काय.

नव्या गाड्यांच्या मालकांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. अलीकडच्या गाड्यांत कोडाच्या पाच अक्षरांमागे आणखी दोन अंक येतात. ते दोष कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतात: ११ असेल तर वायर अर्थला शॉर्ट, १३ असेल तर सर्किट उघडे. स्वस्तातले बरेचसे कोड-वाचक हे शेपूट कापून टाकतात, आणि माझ्या अनुभवात विजेच्या दोषांत निम्मे निदान त्या शेपटातच असते. मास्तरांच्या गाडीच्या काळात ही सोय नव्हती, आणि त्यांचा दोष विजेचा नसल्यामुळे ती असून उपयोगही झाला नसता.

एक काम मात्र मागे राहिले होते. भेगेतून कित्येक महिने न गाळलेली तांबडी धूळ सिलिंडरपर्यंत जात होती, आणि ती सहाणेवरच्या पिठीसारखी पिस्टनच्या रिंगांना घासते. म्हणून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजले. सर्व आकडे एकमेकांच्या जवळ आणि मर्यादेत आले. तेल बदलायला अजून दोन हजार किलोमीटर बाकी होते, तरी ते आणि फिल्टर तेव्हाच बदलून टाकले. जुने तेल पांढऱ्या कापडावर चोळून पाहिले तेव्हा त्यात लाल छटा दिसली नाही. पावसाळ्याआधी एकदा कॉम्प्रेशन पुन्हा पाहायचे ठरले आहे, आणि मास्तरांनी ती तारीख वहीत त्या चार आकड्यांच्या खाली लिहून घेतली आहे.